दीडशेवर एक: अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजचा जलतरण संघ कसा चालवायचा

सहायक कोच म्हणून माझा पहिलाच हंगाम होता आणि आम्ही एक सामना १३९–१५५ असा हरलो. पोहण्याच्या शर्यतींपुरतं बोलायचं तर आम्हीच १६ गुणांनी पुढे होतो. घात केला तो डायव्हिंगने, म्हणजे फळीवरून पाण्यात मारायच्या उड्यांनी. समोरच्यांकडे तीन डायव्हर, आमच्याकडे एकही नाही. एक मीटर आणि तीन मीटर अशा दोन फळ्या, प्रत्येकीवर पहिल्या तिघींना ९, ४ आणि ३ गुण. असे ३२ गुण आम्ही अंगाला पाणी न लावता देऊन बसलो.

परतीच्या बसमध्ये पोरी गप्प होत्या. पुढच्या सीटवर हेड कोच फोनवर आकडेमोड करत होती. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाली, "डायव्हिंग कोचचं वर्षाचं मानधन सहा हजार डॉलर. एक डायव्हर मुलगी आपल्या कॉलेजात आली की तिची निव्वळ फी अठरा हजार. म्हणजे एकीच्या फीत तीन कोच बसतात. मग आपण का नाही म्हणतोय?"

पुण्यात टिळक तलावावर लहानाचा मोठा झालेल्या मला हा हिशेब नवाच होता. आपल्याकडे पोहणारं पोर म्हणजे पदक, नाहीतर निदान सुट्टीतला उद्योग. अमेरिकेतल्या छोट्या खाजगी कॉलेजात पोहणारं पोर म्हणजे आधी एक प्रवेश. तिथे संघाची यादी आणि कॉलेजचा जमाखर्च एकाच वहीत मांडला जातो. पुढे लिहिलंय ते अशा कॉलेजात कोच, सहायक किंवा तलावाचे व्यवस्थापक म्हणून काम करणाऱ्या, करू पाहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. मुलाला तिकडे पाठवायचा विचार करणाऱ्या पालकांनीही वाचायला हरकत नाही, टेबलाच्या पलीकडे काय शिजतं ते कळेल.

पहिली पायरी: कॉलेज कुठल्या पंगतीत बसतं?

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांवर मुख्य नियंत्रण एनसीएए या संघटनेचं. १९७३ पासून तिचे तीन विभाग आहेत, आणि पैशाचे नियम विभागागणिक इतके वेगळे की एकीकडचा अनुभव दुसरीकडे लावायला गेलात तर नाकातोंडात पाणी जाईल.

डिव्हिजन वन म्हणजे मोठे मासे. तिथे २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने एका मोठ्या खटल्यातली तडजोड मंजूर केली. ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांत शिष्यवृत्त्यांची संख्या मोजणं बंद झालं आणि संघात किती जण ठेवायचे यावर मर्यादा आली. पोहणं आणि डायव्हिंग मिळून मुलांचे ३०, मुलींचे ३०. डिव्हिजन टूमध्ये मुलांच्या आणि मुलींच्या संघाला प्रत्येकी ८.१ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकी रक्कम वाटता येते. ती तुकड्यातुकड्याने पंधरावीस जणांत वाटली जाते.

हा लेख डिव्हिजन थ्रीबद्दल आहे. चारशेहून जास्त कॉलेजं, बहुतेक खाजगी, आणि खेळाच्या जोरावर एक डॉलरही शिष्यवृत्ती नाही. मुलांना मदत मिळते ती अभ्यासातल्या गुणांवर आणि घरच्या परिस्थितीवर. ती ठरवण्यात कोचने बोट घालायचं नाही. खेळाडूंना इतरांपेक्षा झुकतं माप मिळतंय का, हे बघायला कॉलेजला दरवर्षी एनसीएएला आकडे द्यावे लागतात. आणि वरून पैसा येईल अशी आशाही नको. एनसीएएच्या उत्पन्नातला ३.१८ टक्के वाटा या अख्ख्या विभागाला मिळतो, त्यातला बराचसा राष्ट्रीय स्पर्धांवर जातो. तुमच्या तलावातला क्लोरीन तुम्हालाच घ्यायचाय.

छोटं कॉलेज म्हणजे खेळ कच्चा, असं मात्र नाही. ओहायोतल्या केन्यन कॉलेजात जेमतेम दोन हजार विद्यार्थी. त्यांच्या मुलांच्या संघाने १९८० ते २०१० अशी सलग ३१ वर्षं डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. २०११ मध्ये ही मालिका तोडली ती त्यांच्या शेजारच्या डेनिसनने. एका गुणाने!

दुसरी पायरी: यादी मागून पुढे मोजा

नवे कोच नेहमी "किती मुलं मिळतील?" इथून सुरुवात करतात. उलट करा. गुणांपासून सुरुवात करा.

दोन संघांच्या नेहमीच्या सामन्यात १६ प्रकार असतात: दोन रिले, १२ वैयक्तिक शर्यती, दोन डायव्हिंग. सहा लेनच्या तलावात वैयक्तिक प्रकाराला ९-४-३-२-१ असे एकूण १९ गुण, रिलेला ११-४-२ असे १७. चौदा एकोणीस २६६, दोन सतरा ३४, बेरीज ३००. एका संघाचे १५१ झाले की निकाल लागला, पुढच्या शर्यतींत पाहायची ती फक्त वेळ. एका प्रकारात एका संघाच्या तिघांनाच गुण मिळतात, म्हणून १२ शर्यतींसाठी तीन-तीन अशा ३६ जागा भरायच्या. एकाला जास्तीत जास्त तीन वैयक्तिक शर्यती पोहता येतात. कागदावर १२ जणांत भागतं.

कागदावर. शुक्रवारी दुपारी केमिस्ट्रीची लॅब असते, एकाला फ्लू झालेला असतो, एकीचा खांदा धरलेला असतो. आणि १००० यार्ड, म्हणजे तलावाच्या ४० लांब्या, पोहलेल्या पोराला लगेच २०० यार्ड फ्रीस्टाइलला उभं केलं तर ते पोहत नाही, तरंगतं. प्रत्येकाला दोन शर्यती धरा, म्हणजे एका संघाला १८. मुलं आणि मुली मिळून ३६.

हाच आकडा दुसऱ्या टोकाकडूनही येतो, आणि तिकडे कोणी फारसं बघत नाही. सहा लेन, एका लेनमध्ये गोल फिरत सहा जण, म्हणजे ३६. सदतिसावं पोर आलं की सराव दोन पाळ्यांत करावा लागतो. दुसरी पाळी म्हणजे आणखी एक कोच, आणखी दोन लाइफगार्ड, दोन तास जास्त दिवे. प्रवेश विभाग आनंदाने सांगेल, "पन्नास करा की!" तेव्हा हे गणित पुढे ठेवा: ३६ पर्यंतच्या प्रत्येक पोराचा जादा खर्च किरकोळ असतो, सदतिसाव्याचा खर्च एका पगाराएवढा असतो. पन्नास करायचेच असतील तर खुशाल करा, पण आधी पगार मंजूर करून घ्या, मग मुलं आणा.

आता गळती. दरवर्षी १४ नवे आणलेत आणि ते पुढच्या वर्षांत ९, ७, ६ उरले, तर संघ ३६ चा. दरवर्षी १० आणलेत आणि ९, ९, ८ टिकले, तरीही संघ ३६ चाच. फरक एवढाच, की पहिल्या कोचला दरवर्षी चार पोरं जास्त शोधावी लागतात, आणि एका पोरासाठी वीसेक जणांशी महिनोन् महिने बोलावं लागतं. त्या ऐंशी जणांच्या फोनांत जाणारा वेळ तलावावर घालवला असता तर कदाचित गळतीच झाली नसती. मी पाहिलेले बहुतेक दमलेले कोच या चक्रात अडकलेले होते: माणसं टिकत नाहीत म्हणून शोधतात, शोधण्यात गुंततात म्हणून माणसं टिकत नाहीत.

यादी करताना कायदाही लक्षात ठेवा. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानुसार मुलींना खेळाची संधी समान हवी. त्याचं पालन दाखवायची एक वाट म्हणजे खेळाडूंमधलं मुलींचं प्रमाण कॉलेजातल्या त्यांच्या प्रमाणाशी जुळणं. मुलांचा आणि मुलींचा सराव एकत्र असला तरी संघ दोन मोजले जातात. "मुलांच्या संघाला एका माजी विद्यार्थ्याने देणगी दिली, मग आम्ही त्यांना चांगल्या हॉटेलात ठेवलं" हे चालत नाही. पैसा कुठूनही येवो, सोयी सारख्याच लागतात.

भारतातल्या मुलांशी बोलणार असाल तर एक व्यवहाराची गोष्ट. त्यांच्या वेळा ५० मीटरच्या तलावातल्या असतात, बालेवाडीसारख्या. इथला तलाव २५ यार्डांचा, म्हणजे २२.८६ मीटर. अंतर कमी आणि वळणं जास्त, त्यामुळे १०० मीटर फ्रीस्टाइल ५८ सेकंदांत पोहणारा मुलगा इथे १०० यार्ड ५१ सेकंदांच्या आसपास पोहेल. पालकांना हे आधी सांगा, नाहीतर कॉलेजच्या विक्रमांची पाटी पाहून ते उगाच घाबरतात. आणि "पोहण्यावर स्कॉलरशिप किती?" या पहिल्याच प्रश्नाला स्पष्ट उत्तर द्या: शून्य. मदत मिळेल ती मार्कांवर.

तिसरी पायरी: माणसं, आणि आधी लाइफगार्ड

बहुतेक छोट्या कॉलेजांत हेड कोच एकच, मुलांचा आणि मुलींचा. वर तलावाची व्यवस्थाही त्याच्याच गळ्यात. सोबत एक अर्धवेळ सहायक, मिळालाच तर मानधनावरचा डायव्हिंग कोच. नेमणूक घेताना पगाराइतकंच एका कागदाकडे लक्ष द्या: किती टक्के काम संघाचं आणि किती टक्के तलावाचं. लेखी नसेल तर दोन्ही शंभर-शंभर टक्के होतात. पंप बंद पडतो तो हमखास कॉन्फरन्स स्पर्धेच्या, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या स्पर्धेच्या, आदल्या आठवड्यात.

नेमणुकांचा माझा क्रम असा: आधी लाइफगार्ड, मग पाण्याची रसायनं सांभाळणारा, मग हेड कोच, मग सहायक. लोकांना हे उलटं वाटतं. पण लाइफगार्ड नसेल तर पाण्यात कोणी उतरत नाही, आणि मग जगातल्या सर्वोत्तम कोचलाही काठावर उभं राहून शिट्टीच वाजवावी लागते. कोच शिकवत असताना तोच लाइफगार्ड, ही तडजोड करू नका. हातात स्टॉपवॉच धरून एका मुलीचं वळण बघणारा माणूस बाकीच्या पस्तीस जणांकडे बघत नसतो. तळाशी गेलेलं पोर ओरडत नाही.

रेड क्रॉसचं लाइफगार्ड प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. म्हणून यादीत प्रत्येक नावापुढे मुदत संपण्याची तारीख हवी, आणि ती हंगामाच्या मधे येत असेल तर नवं प्रशिक्षण ऑगस्टमध्येच उरका. पाण्यासाठी सर्टिफाइड पूल ऑपरेटर हा छोटा अभ्यासक्रम आहे, प्रमाणपत्र पाच वर्षांचं. हेड कोचबरोबर सहायकालाही तो करायला लावा. मोकळा क्लोरीन निदान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक) आणि पीएच ७ ते ७.८ हे आकडे दोघांना झोपेतही आठवायला हवेत. तलावावर येणारा तो डोळ्यांना झोंबणारा वास क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम आणि लघवी क्लोरीनशी मिळून जी क्लोरामाइन्स बनतात, त्यांचा तो असतो. उतरण्याआधी अंघोळीची सक्ती केलीत तर हिवाळ्यात बंद हॉलमध्ये खोकणाऱ्या पोरांची संख्या खरोखर कमी होते. फुकटातला एवढा उपयोगी उपाय दुसरा मला माहीत नाही.

लाइफगार्ड म्हणून विद्यार्थी घ्यावेत. ज्यांना सरकारी वर्क-स्टडी, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांसाठीची कमवा-शिका योजना, मंजूर आहे त्यांच्या मजुरीचा मोठा वाटा, साधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. म्हणून बजेटच्या दृष्टीने आधी ते शोधा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या आपल्या मुलांना ही योजना लागू नाही, पण कॉलेजच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि लाइफगार्डची नोकरी त्यात बसते. आमच्याकडे साताऱ्याकडचा एक मुलगा आला होता. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलेला, डोकं कायम पाण्याबाहेर. संघातली पोरं हसली. प्रशिक्षणात मात्र उलटं झालं. बुडणाऱ्याकडे जाताना नजर त्याच्यावरून हलू द्यायची नसते, म्हणून डोकं वर ठेवूनच पोहावं लागतं, आणि ते आमच्या फ्रीस्टाइलवाल्यांना जमेना. हा पठ्ठ्या पहिल्याच दिवशी पास.

चौथी पायरी: ड्यूटीचा तक्ता

रोस्टर या शब्दाला दोन अर्थ आहेत, संघाची यादी आणि ड्यूटीचा तक्ता. पहिल्याची चर्चा सगळे करतात, बुडवतो दुसरा.

माझ्या दुसऱ्या वर्षातली जानेवारीची एक सकाळ. पावणेसहा वाजलेले, बाहेर उणे पंधरा. बावीस जणं टॉवेल गुंडाळून काठावर, आणि लाइफगार्डचा पत्ता नाही. फोन वाजतोय, उचलत नाही. मुलं म्हणाली, "कोच, पाचच मिनिटं, हळू पोहतो." मी नाही म्हणालो आणि त्यांना जिन्यावर वरखाली पळवलं. लाइफगार्ड सव्वासहाला आला, उशीची घडी गालावर तशीच उमटलेली. त्याला मी ओरडलो, पण चूक माझी होती. पहाटेच्या पाळीला मी एकच माणूस लावला होता.

त्यानंतर तक्ता असा करतो. पहाटेच्या पाळीला दोन नावं आणि तिसरं राखीव, त्या राखिवाला फोन घेतल्याचेही थोडे पैसे. पहाटेची पाळी संघातल्या पोरांच्या खोलीसोबत्यांना आधी देऊ करायची, कारण गजर दोघांचा एकच वाजतो. परीक्षेच्या आठवड्याचा तक्ता सत्राच्या पहिल्या दिवशी लावायचा, तेव्हा कोणी नाही म्हणत नाही. खुर्चीवर अर्ध्या तासाहून जास्त कोणी बसायचं नाही, आलटून-पालटून. अदलाबदल करायची तर दोघांनी लिहून कळवायचं, "मी त्याला सांगितलं होतं" चालणार नाही. आणि महिन्यातून एकदा न सांगता सराव: एकाला तळाशी जायला सांगायचं आणि घड्याळ लावायचं. मानेच्या दुखापतीची फळी आणि बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं एईडी यंत्र कुठे आहे, हे तेव्हा समजतं. किंवा समजत नाही.

संघाच्या सरावाचा तक्ता त्यामानाने सोपा. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी नियमानेच द्यावी लागते. दोन पहाटा आणि पाच दुपारी डिव्हिजन थ्रीच्या पोरांना पुरतात. लॅबवाल्यांसाठी एक दुपार उशिराची ठेवा.

पाचवी पायरी: खर्च मांडा, पण तलावाचा वेगळा

खालचे आकडे एका कल्पित कॉलेजचे आहेत, पद्धत कळावी म्हणून. तुमचे तुम्ही भरा.

हेड कोच, पगार आणि विमा वगैरे मिळून ७२,८०० डॉलर. अर्धवेळ सहायक १८,०००. डायव्हिंग कोच ६,०००. बाहेरगावचे सहा सामने, बसचे प्रत्येकी १,८०० प्रमाणे १०,८००. कॉन्फरन्स स्पर्धेला ४० माणसं, २० खोल्या, चार रात्री, १३० डॉलरने १०,४००, आणि पाच दिवसांचं जेवण माणशी ३५ प्रमाणे ७,०००. साहित्य ७,०००, पंचांचं मानधन २,५००, सभासदत्व आणि सॉफ्टवेअर ३,०००, नवी मुलं शोधायचा प्रवास ६,०००. एका खोलीत चौघं कोंबून हॉटेलचा खर्च निम्म्यावर आणता येतो, पण वर्षभर ज्या शर्यतीसाठी पोहायचं तिच्या आदल्या रात्री पोरांनी एका गादीवर लाथा खाव्यात, हे मला पटलेलं नाही.

एक ओळ नवे कोच हमखास विसरतात. डिसेंबरच्या मध्यावर सत्र संपतं, मेस बंद होते, पण संघाचा सगळ्यात कसून सराव सुट्टीतच होतो. ३६ जण, १२ दिवस, माणशी २५ डॉलर, म्हणजे १०,८००. हे बजेटमध्ये नसेल तर जानेवारीत तुम्ही स्वतःच्या क्रेडिट कार्डावर पास्ता विकत घेत असाल. मी घेतलाय. सगळं मिळून १,५४,३०० डॉलर.

आता तलाव. ७५ फूट लांब, ४५ फूट रुंद, सरासरी सहा फूट खोल म्हणजे सुमारे पावणेसहा लाख लिटर पाणी, बाहेर बर्फ असताना ते २६ अंशांच्या आसपास ठेवायचं. त्यात आठवड्याला ७० तास, दोन लाइफगार्ड, ३४ आठवडे, तासाला १२ डॉलर: एवढ्यानेच ५७,१२० होतात. वीज, गॅस, रसायनं, दुरुस्ती धरून वर्षाला १,४०,००० समजू.

हिशेबनीस हा सगळा आकडा पोहण्याच्या संघाच्या नावावर टाकतात आणि मग "पोहणं परवडत नाही" असं सिद्ध होतं. ते होऊ देऊ नका. लेन-तास मोजा. सहा लेन गुणिले ७० तास म्हणजे आठवड्याला ४२० लेन-तास. संघ २० तास सहाही लेन वापरतो, म्हणजे १२०. वाटा दोन सप्तमांश, म्हणजे ४०,०००. बाकी तलाव प्राध्यापक, इतर विद्यार्थी आणि गावकरी वापरतात. संघ बंद केला तरी तो खर्च राहणारच आहे. संघाचा खरा खर्च मग १,९४,३००.

सहावी पायरी: जमा, प्रामाणिकपणे

याच कल्पित कॉलेजची छापील फी ४४,००० डॉलर, सरासरी सवलत २६,०००. हातात येतात १८,०००. एवढी सवलत ऐकून आपल्याकडे भुवया उंचावतात, पण तिथल्या खाजगी कॉलेजांत पहिल्या वर्षाला सरासरी निम्म्याहून जास्त फी सवलतीतच जाते. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, दुकानदारच आधी भाव पाडतो.

३६ गुणिले १८,००० असा गुणाकार करून कॉलेजच्या उपाध्यक्षांकडे धावू नका. त्यांचा पहिलाच प्रश्न असेल, "यातले किती जण पोहणं नसतं तरी आले असते?" उत्तर तयार ठेवा. प्रवेशाच्या वेळी मुलांना एक ओळीचा प्रश्न विचारा आणि उत्तरं जपून ठेवा. समजा एक तृतीयांश तसेही आले असते. उरले २४, म्हणजे ४,३२,०००. खर्च वजा करून २,३७,७०० उरतात. हा नफा नव्हे, त्या २४ जणांना शिकवायला आणि सांभाळायलाही पैसे लागतात. पण संघ म्हणजे शोभेचा खर्च, हे म्हणणं त्यानंतर कोणी करत नाही.

याच आकड्यांतून गळतीची किंमत दिसते. दुसऱ्या वर्षाअखेर कॉलेज सोडून गेलेली एक मुलगी दोन वर्षांचे ३६,००० घेऊन जाते. वर मांडलेला बस, हॉटेल आणि जेवणाचा हंगामाचा खर्च २८,२०० होता.

बाकी जमा किरकोळ, पण रोख असते: वयोगटाच्या क्लबला संध्याकाळी लेन भाड्याने, गावातल्या मुलांना शिकवणी, उन्हाळी शिबिर, शाळांच्या स्पर्धा. भाडेकरूकडून विम्याचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. आणि पहिला चेक येण्याआधी लेखी विचारा, हा पैसा कुठल्या खात्यात जाणार? आमच्या एका उन्हाळी शिबिराचं सगळं उत्पन्न कॉलेजच्या सर्वसाधारण खात्यात गेलं आणि आम्ही ज्या टचपॅडसाठी (हात लागताच वेळ नोंदवणाऱ्या भिंतीवरच्या पट्ट्यांसाठी) राबलो ते दोन वर्षं आलेच नाहीत. देणगीदारालाही सांगा, पत्रात "जलतरण संघासाठी" असं स्पष्ट लिहा.

शेजाऱ्यांचे आकडे बघायचे असतील तर तेही उघड आहेत. जवळजवळ प्रत्येक कॉलेजला खेळागणिक खेळाडूंची संख्या आणि खर्च दरवर्षी अमेरिकन शिक्षण खात्याला द्यावा लागतो, आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतो. तुमच्या कॉन्फरन्समधल्या पाच कॉलेजांचा तक्ता करायला एक दुपार पुरते. पगारवाढ मागायला जाताना यापेक्षा चांगलं हत्यार नाही.

सातवी पायरी: टिकवणं

पोरं कधी गळतात ते ठरलेलं असतं. नोव्हेंबरच्या सुट्टीत घरी गेल्यावर, पहिल्या सत्राचे गुण लागल्यावर, आणि फेब्रुवारीत, कॉन्फरन्स स्पर्धेच्या यादीत नाव नसल्यावर. अनेक कॉन्फरन्समध्ये किती जणांना नेता येतं याला मर्यादा असते. ज्यांना नेलं नाही त्यांचा हंगाम असा अधांतरी संपू देऊ नका. त्यांच्यासाठी आदल्या आठवड्यात जवळपास एक शेवटची शर्यत ठेवा, पूर्ण टेपर देऊन, म्हणजे शर्यतीआधी सराव हळूहळू कमी करून, पालकांना बोलावून. बसचे १,८०० डॉलर. माझ्या मते अख्ख्या बजेटमधली सगळ्यात फायद्याची ओळ हीच.

त्या हरलेल्या सामन्यानंतर आम्ही डायव्हिंग कोच घेतला. पुढच्या ऑगस्टला एक मुलगी आली, गुडघ्यामुळे जिम्नॅस्टिक्स सोडलेली. नोव्हेंबरात तिचं मनगट मोडलं आणि त्या वर्षी तिने एकही गुण मिळवला नाही. तिला घरी बसू न देता टायमिंगच्या टेबलावर बसवलं. चौथ्या वर्षी ते टेबल तीच चालवत होती, डायव्हिंग सांभाळून. अठरा हजार गुणिले चार.

संघ बंद पडण्याची भीती मात्र कायम असते, आणि ती गरीब कॉलेजांपुरती नाही. डार्टमथसारख्या श्रीमंत कॉलेजने २००२ मध्ये पोहणं बंद करायचं ठरवलं, तेव्हा माजी विद्यार्थी आणि पालकांनी पैसे उभे करून ते वाचवलं. जुलै २०२० मध्ये पुन्हा बंद केलं, जानेवारी २०२१ मध्ये टायटल नाइनच्या कायदेशीर दबावाखाली पुन्हा सुरू केलं. म्हणून वर्षातून एकदा, कोणी मागितलं नसलं तरी, एक पान उपाध्यक्षांच्या टेबलावर ठेवा: किती जण आले, किती टिकले, त्यांचे सरासरी गुण काय, लेन-तासांनुसार खर्च किती, निव्वळ फी किती. एकच पान. दुसरं पान कोणी उलटत नाही.

आठवी पायरी: तीस जून

कॉलेजचं आर्थिक वर्ष बहुधा ३० जूनला संपतं आणि उरलेला पैसा पुढे जात नाही. मे महिन्यात शिल्लक बघा. पुढच्या हंगामाचे कॅप, लेनच्या दोऱ्या, लाइफगार्डांची प्रमाणपत्रं तेव्हाच घ्या. माल ३० जूनच्या आत पोचला पाहिजे. ऑर्डर दिल्याची तारीख बहुतेक हिशेबनीस धरत नाहीत. आमच्या किकबोर्डांचा ट्रक एकदा १ जुलैच्या सकाळी आला. नव्या वर्षाच्या बजेटला पहिल्याच दिवशी बाराशे डॉलरचं भोक.